सोडलेले पॉइंट

"खेळायचं नसेल तर पुढच्या वेळी सरळ सांग," दादा म्हणाला. रॅकेट कव्हरमध्ये घातली, चेन ओढली आणि जिना उतरून निघून गेला. मी हॉलमध्ये घाम पुसत उभी होते. मी नुकतीच त्याच्याकडून १९-२१ अशी हरले होते, आणि जिंकलेला माणूस चिडून गेला होता.

दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याचा उजवा पाय जन्मापासून आखूड आहे आणि त्यात जोरही कमी. मी शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत बॅडमिंटन खेळलेली. त्या संध्याकाळी मी काय केलं ते सांगून टाकते. शटल त्याला पोचेल असं टाकत राहिले. दोन स्मॅश मुद्दाम नेटमध्ये घातले. १९-१९ झाल्यावर एक ड्रॉप बाहेर मारला आणि शेवटची सर्व्हिस उचलायला उशीर केला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून मी वाट बघत होते. त्याला सगळं कळलं होतं.

त्यानंतर आठ महिने तो माझ्याशी खेळला नाही. गणपतीत भेटला, बोलला, मोदक खाल्ले, पण रॅकेटचा विषय काढला की "बघू" म्हणायचा. त्या आठ महिन्यांत मी स्वतःची बाजू मनातल्या मनात बऱ्याचदा मांडली. माझं चुकलं काय? मी त्याचं काही हिरावून घेतलं नव्हतं, उलट काहीतरी दिलंच होतं. सामना मुळातच विषम होता. माझे दोन्ही पाय धड, त्याचा एक. मी तेवढा फरक भरून काढला. मग यात अपमान कुठून आला?

माझा सगळ्यात जोरदार युक्तिवाद मला मानसी जोशीच्या खेळात सापडला. निदान तेव्हा तसं वाटलं.

मानसी जोशी हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलं असेल. मुंबईत अणुशक्तीनगरमध्ये वाढलेली मुलगी. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात. बॅडमिंटनचे पहिले धडे त्यांच्याकडूनच मिळाले. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग करून ती सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागली. डिसेंबर २०११ मध्ये ती दुचाकीवरून जात असताना ट्रकचा अपघात झाला आणि तिला डावा पाय गमवावा लागला. कृत्रिम पायावर चालायला शिकली, मग पुन्हा खेळायला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या जागतिक पॅरा बॅडमिंटन स्पर्धेत मिश्र दुहेरीत रौप्य, २०१७ मध्ये कोरियातल्या उल्सानला एकेरीत कांस्य. २०१८ पासून हैदराबादला गोपीचंद अकादमीत सराव. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात एकेरीचं विश्वविजेतेपद. अंतिम सामन्यात तिने भारताच्याच पारुल परमारला २१-१२, २१-७ असं हरवलं. पारुल म्हणजे या गटात कित्येक वर्षं राज्य केलेली खेळाडू.

मानसीचा गट एसएल३. पायांनी अधू असलेले पण उभं राहून खेळणारे खेळाडू एसएल३ आणि एसएल४ या दोन गटांत असतात. ज्यांना हालचालीला जास्त अडचण येते ते एसएल३ मध्ये. या गटाची एकेरी अर्ध्या कोर्टवर होते. कोर्टची लांबी पूर्ण, रुंदी निम्मी. त्यामुळे डावी-उजवीकडची धाव कमी होते, आणि खेळ उरतो तो मुख्यतः पुढे-मागे: एक ड्रॉप नेटजवळ, पुढचा लॉब थेट मागच्या रेषेवर.

इथे मला माझा वकील सापडला होता. बघा, जागतिक संघटनासुद्धा तेच करते! पाय कमी चालतो म्हणून कोर्ट निम्मं करते. मी शटल जवळ टाकलं म्हणजे कोर्ट निम्मंच केलं की. त्यांनी केलं तर नियम आणि मी केली तर दया, असं कसं?

हा प्रश्न मी बरेच दिवस सोडला नाही, कारण वरवर तो अगदी बिनतोड दिसतो. नंतर एकदा मोबाईलवर एसएल३ चा एक सामना पूर्ण पाहिला. हायलाइट्स नाहीत, पूर्ण सामना. तेव्हा फरक दिसायला लागला.

पहिली गोष्ट, अर्ध्या कोर्टची रेषा दोघींना दिसते. ती सामन्याआधी ठरलेली आहे, दोघींना सारखी लागू आहे, पंचाला ठाऊक आहे आणि बघणाऱ्यालाही. माझी रेषा फक्त मला दिसत होती. दादाला न विचारता मी ती आखली होती आणि मनाला येईल तशी हलवत होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अर्धं कोर्ट सामना कुठून सुरू होणार ते ठरवतं. तो कुठे संपणार हे ठरवत नाही. रेषेच्या आत शटल पडलं की कुणी कुणाला माफ करत नाही. विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात दुसरी गेम २१-७ अशी सुटते, म्हणजे समोरच्या दिग्गज खेळाडूलाही कुणी चार पॉइंट जास्त दिलेले नसतात. मी मात्र शेवट आधी ठरवला होता आणि सुरुवातीपासून त्या दिशेने चालले होते. आमच्या सामन्यात खेळणारी एकच व्यक्ती होती. दादा माझ्या नाटकातलं पात्र होता.

म्हणजे नियम आणि दया यांतला फरक सवलत किती मोठी यात नाही. ती कुणाच्या हातात आहे, यात आहे. नियमाने मिळालेलं मागून घेता येतं, त्यावर भांडता येतं. दयेने मिळालेल्यावर भांडणार कसं? जे दिलंय हे समोरच्याने कबूलच केलेलं नाही, त्याबद्दल तक्रार तरी काय करणार?

इथे लेख संपवता आला असता. नियम चांगला, दया वाईट, टाळ्या. पण मानसीचीच कारकीर्द पुढे वाचली की हे इतकं सोपं राहत नाही.

पॅरा बॅडमिंटन पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोला, २०२१ मध्ये झालेल्या २०२० च्या स्पर्धेत. एकूण १४ प्रकार होते. पुरुषांची एसएल३ एकेरी होती. त्यात ओडिशाच्या प्रमोद भगतने सुवर्ण जिंकलं. महिलांची एसएल३ एकेरी मात्र नव्हतीच. जगज्जेती आहे, तिचा गट आहे, त्या गटात खेळणाऱ्या बाया आहेत, आणि खेळांच्या सर्वात मोठ्या मेळ्यात तो प्रकारच नाही. बाझलला मानसीसमोर अंतिम सामन्यात उभी असलेली पारुल परमार टोकियोला गेली. तेव्हा ती ४८ वर्षांची होती आणि एसएल४ च्या एकेरीत उतरली. म्हणजे वरच्या गटात, पूर्ण कोर्टवर. मानसी टोकियोत नव्हती.

हे काही दयेने केलेलं नाही, नियमानेच केलं. किती प्रकार ठेवायचे, कुठला गट घ्यायचा, कुठला वगळायचा, हे कागदावर नीट, सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं होतं. तरीही ते एखादीला आयुष्यभराची जखम करू शकतं. गट ठरवतानाही तेच. डॉक्टर आणि तज्ज्ञ शरीर तपासतात, ताकद आणि हालचाल बघतात, मग एसएल३ की एसएल४ ते ठरतं. रेषा कुठेही आखा, रेषेला लागून कुणीतरी उभं असणारच, जराशा फरकाने पलीकडे गेलेलं. त्याला त्या रेषेत न्याय दिसेल का?

मला वाटतं, नियम न्याय्य असतो तो नियम आहे म्हणून नव्हे. चुकला तर चुकला असं दाखवता येतं आणि बदलता येतो म्हणून. पॅरिसला २०२४ मध्ये प्रकार १६ झाले, आणि नव्याने आलेल्या प्रकारांपैकी एक होता महिलांची एसएल३ एकेरी. टोकियोत हुकलेलं मानसीला त्याने परत मिळालं नाही. ऐन भरातली वर्षं कुठलीच समिती परत करत नाही. पण दार उघडलं, आणि ते कुणाच्या मेहेरबानीने एकीपुरतं उघडलं नाही. त्या गटातल्या प्रत्येकीसाठी उघडलं. टोकियोला कुणी दया येऊन मानसीला एखादं खास पदक दिलं असतं, तर पॅरिसमध्ये ही एकेरी आली असती का? मला शंका आहे. दया एका माणसाजवळ येऊन थांबते.

पॅरिसला काय झालं? मानसी गटातच हरली. पहिला सामना इंडोनेशियाच्या कोनिताह इख्तियार स्याकुरोहशी, तीन गेममध्ये हार. ही कोनिताह पुढे रौप्यपदक घेऊन गेली. दुसरा सामना युक्रेनच्या ओक्साना कोझिनाशी. पहिली गेम मानसीने २१-१० अशी घेतली. दुसरी १५-२१ गेली. तिसरी २१-२३.

तिसऱ्या गेमचा तो आकडा मी बराच वेळ बघत बसले होते. २१-२३. पलीकडून एखादीने एक ड्रॉप मुद्दाम बाहेर मारला असता तर? एवढी लढली बिचारी, पाय गेला, टोकियो गेलं, आता एक सामना तरी जिंकू दे, असं कोझिनाच्या मनात आलं असतं तर? तिच्या मनात ते आलं नाही, आणि यालाच मी आदर म्हणते. समोरची जिंकू शकते असं जिला खरोखर वाटतं, तीच जीव तोडून खेळते. हरण्याची शक्यता हातातून काढून घेतली की जिंकण्याचीही जाते.

आता आपल्याबद्दल, म्हणजे मोबाईलवर हे वाचणाऱ्या तुमच्या-माझ्याबद्दल. बाझलला सामान्य गटाची आणि पॅरा गटाची जागतिक स्पर्धा एकाच वेळी होती. मानसी जिंकली त्याच सुमारास पी. व्ही. सिंधू जिंकली, आणि देशभर सिंधूचं नाव झालं. ते व्हायलाच हवं होतं. पॅरा संघाने तिथे १२ पदकं मिळवली होती, ती लोकांपर्यंत पोचायला वेळ लागला. आणि पोचली ती कशी? मागे व्हायोलिन, स्लो मोशन, 'रडू आवरणार नाही' असं शीर्षक. अशा किती रील्समध्ये तुम्ही स्कोअर वाचलाय? मी तर एकातही नाही. 'जिद्दीला सलाम' लिहून आपण पुढे सरकतो. ही आपली सोडलेले पॉइंट द्यायची रीत आहे. खेळ न बघताच जिंकल्याचं सर्टिफिकेट.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. २०२० मध्ये मानसी 'टाइम'च्या आशिया आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आली, तिच्यासारखी दिसणारी बार्बी बाहुली निघाली. मला हे आधी चकचकीत आणि पोकळ वाटलं होतं. पण नुकताच पाय गमावून हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या मुलीला आधी स्कोअर हवा असेल की चेहरा? बहुधा चेहरा. प्रेरणा खोटी नसते. ती पहिलं पाऊल टाकायला पुरते. अडचण तेव्हा होते जेव्हा माणूस कोर्टवर येऊन उभा राहतो आणि आपण त्याच्याकडे अजून खाटेवरचाच म्हणून बघत राहतो.

दादा कधीच खाटेवर नव्हता. आयुष्यभर कोर्टवरच होता. तिथे नसणारी मी होते.

आठ महिन्यांनी मी त्याला फोन केला आणि माफी मागायला लागले. तो म्हणाला, "ते राहू दे. किती कोर्ट देतेस ते बोल." मग आम्ही भाजीच्या भावासारखी घासाघीस केली. त्याची बाजू निम्मी, माझी पूर्ण, असं तो म्हणाला. मी म्हटलं, हे फार झालं, मी हरेन. तो हसला, आणि त्या हसण्याने मला बरं वाटलं. शेवटी त्याची बाजू निम्मी आणि माझी बाजूच्या गल्ल्या सोडून, यावर तोडगा निघाला. हॉलमध्ये चिकटपट्टी लावून रेषा आखली. पहिले तीन सामने तो हरला, त्यातला एक २१-९. चौथा त्याने घेतला.

तो सामना मी खरोखर हरले होते. पाय भरून आले होते, शेवटचं शटल मला पोचलंच नाही. पण पॉइंट पडल्यावर त्याने उडी मारली नाही. आधी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा वाचत क्षणभर थांबला, मग रॅकेट खाली केली.

अजूनही जिंकला की तो आधी माझ्याकडे बघतो. मी "खरंच हरले रे" म्हणू शकते, पण त्या संध्याकाळीही मी तेच म्हणाले असते. आता माझ्याकडे द्यायला कुठलाही पुरावा नाही. मी त्याला दोन-चार पॉइंट दिले असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी त्याच्याकडून त्याच्या पुढच्या सगळ्या विजयांवरचा विश्वास काढून घेतला होता. तो परत करण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे, आणि तो लांबचा आहे. दर रविवारी सकाळी सात वाजता जाते आणि त्याला हरवायचा पूर्ण प्रयत्न करते.