मडक्यातला चुना

गेल्या हिवाळ्यात आम्ही मोटारीने अलिबागला निघालो होतो. पहाटे पनवेलला चहासाठी थांबलो आणि वडाळे तळ्याकाठच्या बागेत जरा पाय मोकळे केले. जास्वंद भरभरून फुलली होती. माझ्या सात वर्षांच्या नातीने हात पुढे केला. तेवढ्यात रखवालदार दिसला आणि हात मागे आला. मोटारीत बसल्यावर ती म्हणाली, "तो माणूस नसता तर मी फूल तोडलं असतं. मग मी वाईट का हो, आजोबा?"

मला चटकन उत्तर सुचले नाही.

कर्नाळ्याचा अंगठा दिसू लागला, तशी रस्त्याकडेला नीरेची टपरी लागली. ऊन अजून चढले नव्हते. गार, गोड नीरेचा पेला हातात देत टपरीवाला म्हणाला, "आत्ताच प्या, दुपारी हिची ताडी होते!" ताडाच्या फुलोऱ्याला छेद देऊन मडके बांधतात, रात्रभर थेंब थेंब रस साठतो. हवेतले किण्व त्यातली साखर खाऊ लागले, की काही तासांत नशा तयार. झाड तेच, रसही तोच. गांधीजींनी जिचा पुरस्कार केला ती नीरा आणि ज्या ताडीला त्यांचा विरोध होता ती ताडी, यांत अंतर केवळ काही तासांचे! १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यालाही नीरेची वेगळी व्याख्या करावी लागली.

"मग सकाळपर्यंत ती गोड राहते कशी?" मी विचारले.

"मडक्याला आतून चुना लावतो ना! एक दिवस विसरलो, की संपलं."

मला माझे धाकटे काका आठवले. त्यांनी दारू सोडली होती. परंतु पुढची तीस वर्षे ते गुत्त्याच्या रस्त्याने कधी गेले नाहीत. बाजारात जायचे तरी लांबचा वळसा घेत. मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि त्या वयाला शोभेल असा उद्धट होतो. "परीक्षेला बसायचंच नाही आणि पास झालो म्हणायचं, हा कसला निग्रह?" असे मी त्यांना चारचौघांत म्हणालो. काका एवढेच बोलले, "मी कोण आहे ते मला ठाऊक आहे, बाळ."

मोहासमोर ताठ उभा राहील तोच सज्जन, अशी माझी समजूत होती. आज वाटते, आपण सारे त्या रसासारखेच आहोत. स्वभावतः गोड खरे. पण तसेच सोडून दिले तर दुपारपर्यंत काय होऊ, सांगवत नाही. चुना लागतो, म्हणून नीरेला कोणी खोटी म्हणत नाही. रखवालदार मात्र बाहेर उभा असतो. तो गेला की त्याचा धाकही जातो. चुना आतून लावायचा असतो, रोज लावायचा असतो, आणि तो लावणारा हात आपलाच असतो. काकांचा वळसा म्हणजे तो चुना होता. हे त्यांना सांगायला मला फार उशीर झाला.

नातीला मी यातले जमेल तेवढे सांगितले. तिला किती कळले, कोण जाणे.

परतताना पुन्हा त्या बागेत थांबलो. रखवालदार कुठे दिसत नव्हता. नात जास्वंदीसमोर उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

या वेळी मी हसलो नाही.