धुराचे दायित्व

धूर हा अग्नीचा स्वभाव आहे की इंधनाचा, हा प्रश्न भारतीय तर्कशास्त्राने बारकाईने तपासला आहे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान न्यायदर्शनात स्वयंपाकघराच्या दृष्टांताने पटवले जाते. परंतु अग्नी असेल तेथे धूर असतोच असे उलट म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ येथे ‘उपाधी’ दाखवतो. उपाधी म्हणजे ती अट, जिच्यामुळे सरसकट वाटणारा संबंध प्रत्यक्षात मर्यादित ठरतो, आणि धुराच्या बाबतीत ती अट म्हणजे अग्नीशी ओल्या इंधनाचा संयोग होय. याचा अर्थ दोष अग्नीचा नसून त्याला काय खायला घातले याचा आहे, आणि इंधन निवडणारा माणूसच असल्याने धुराचे दायित्वही त्याच्याकडेच येते.

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्यासारख्या गावात हे दायित्व घराच्या बांधणीत उतरते. मराठवाड्यातील जुन्या माळवदात, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेल्या घरात, उजेड यावा व धूर जावा म्हणून छताला साणे, म्हणजे झरोका, ठेवीत. पुढे स्लॅब पडला, गॅसचा ओटा आला, २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांतही शेगडी पोहोचवली, आणि साण्याची गरज संपल्यासारखी वाटली. मात्र टाकी भरून आणणे परवडेनासे झाले की त्याच बंदिस्त खोलीत तुराट्या आणि गोवऱ्या पेटतात, व इंधन बदलूनही धुराची वाट न बदलल्याचा भार चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीवर आणि डोळ्यांवर पडतो. थंड देशांत मात्र गॅसच्या शेकोटीच्या जागी लाकूड जाळायचे झाल्यास धुराड्याचे अस्तर आधी बदलतात, कारण गॅससाठी घातलेले पातळ अस्तर लाकडाची आच सोसत नाही आणि लाकडाच्या धुराने आत चिकटलेली डांबरी काजळी पुढे पेट घेऊ शकते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील ४८ वा श्लोक सांगतो की, अग्नी जसा धुराने तसे प्रत्येक कर्म दोषाने वेढलेले असते, म्हणून वाट्याला आलेले कर्म सदोष असले तरी सोडू नये. हा उपदेश कर्त्यासाठी आहे. कर्म एकाने करावे व धूर दुसऱ्याने गिळावा, अशी मुभा त्यातून निघत नाही. तेरखेड्याची ओळख असलेल्या फटाक्यांच्या व्यवसायात तर हा भेद जिवावर बेततो, कारण दारूतील शोरा जळण्यासाठी लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवतो, त्यामुळे एकदा ठिणगी पडली की दार बंद करून ती आग कोंडता येत नाही, आणि दिवाळीचा आनंद दूरच्या अंगणात होत असताना धोका दारू भरणाऱ्या हातांपाशी राहतो.

केवळ निर्धूम ज्योत पत्करल्यानेही हे कर्तव्य संपत नाही. हवा अपुरी पडली तर गॅसच्या ज्योतीतूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि त्याला रंग वा वास नसल्यामुळे ज्यावरून अनुमान करावे असे लिंग, म्हणजे खूणच, उरत नाही. म्हणून दोष दिसल्यावर तो निस्तरण्यापेक्षा अग्नी पेटवण्याआधी त्याची वाट बांधणे, आणि ती बांधण्याचा खर्च ऊब व अन्न घेणाऱ्या सर्वांनी मिळून उचलणे, हाच सदोष कर्म धर्माने करण्याचा मार्ग आहे.