नहर कुणाची?

माझा आजा धरणगावच्या शिवारात विहिरी खणायचा. सुरुंगाची दारू ठासायचा, पाणी लागेपर्यंत तळाशी राबायचा. पहिलं पाणी त्याच्याच पायाला लागायचं. विहीर बांधून झाली की मालक पूजा घालायचा. मग त्याच विहिरीचं पाणी आज्याच्या ओंजळीत वरून ओतलं जायचं.

रातपाळी करून आल्यावर मी रोमच्या नहरींबद्दल वाचत होतो. डोंगरातलं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर कोसच्या कोस शहरात आणलेलं. दरीत उतार तुटू नये म्हणून खाली दगडी कमानी. फ्रंटिनस हा इ.स. 97 साली तिथला पाणी-अधिकारी झाला. त्यानं नऊ नहरींची नावं लिहिली, नळांची मापं लिहिली. डागडुजीला 700 गुलाम. त्यातले सुमारे 240 मूळचे अग्रिपाचे. मरताना त्यानं ते सम्राटाला ठेवले, घरदार ठेवावं तसे. नळाचं माप आहे, माणसाचं नाव नाय.

वाटलं, आपल्यातला कुणी वर असता तर असं झालं नसतं. तेवढ्यात मलिक अंबर आठवला. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं खडकीला, म्हंजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली. उतार तोच, अक्कल तीच. शाबास त्याची! पण नहरीला नाव लागलं अंबरचंच. भुयारात कुदळ मारणारा तिथंही बिननावाचाच.

दोस्तहो, मग नहर कुणाची? राग म्हणतो, खणणाऱ्याची. पण हे तर मालकाचंच गणित झालं. ज्यांनी खणलं नाही ती म्हातारी, ते लेकरू, त्यांनी काय कोरडं मरायचं? 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. तळं आमच्या बापजाद्यांनी खणलं, असा दावा नव्हता. तळं सगळ्यांचं आणि आम्ही माणसं, एवढाच दावा होता. तो पुरेसा होता.

म्हणून पाणी तहानेलेल्याचं. पण घाम कुणाचा, हे विसरायचा हक्क पिणाऱ्याला नाय. आपलीही पोरं आता इंजिनियर होतात. उद्या कोनशिला बसवताना त्यांनी साहेबाच्या नावाखाली खणणाऱ्यांसाठी जागा ठेवावी. एवढं जमलं नाही, तर आपण नुसते मालक बदलले.

आज्याच्या विहिरी शिवारात अजून आहेत. प्रत्येकीला मालकाचं नाव आहे.