नाव कोणाच्या रजिस्टरवर?

राजूर कॉलरीत मुलगी द्यायला आलेले पाहुणे पगार नंतर विचारतात. आधी विचारतात, पोरगा वेकोलित आहे की ठेकेदाराकडे? डंपर दोघेही चालवतात. छातीत जाणारी धूळ तीच, खाण तीच, दिवसही तोच. पण एकाचे नाव वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीच्या रजिस्टरवर आहे. त्याला राष्ट्रीय कोळसा वेतन करार लागू आहे, क्वार्टर आहे, दवाखाना आहे. त्याचे काही बरेवाईट झाले तर घरातल्या कुणाला नोकरी मिळण्याची तरतूद आहे. दुसऱ्याचे काम ठेका असेपर्यंत. ठेकेदार बदलला की त्याने पुन्हा ओळखी काढायच्या, पुन्हा फेऱ्या मारायच्या.

चांगली नोकरी कशाला म्हणायचे, हे या पाहुण्यांना अचूक कळते. आपल्या रोजगार नियोजनाला ते अजून कळलेले नाही, असे मला वाटते. ते सगळे नियोजन एका गृहीतावर उभे आहे: तरुणाच्या हातात कौशल्य नाही म्हणून त्याला चांगले काम मिळत नाही. राजूरमध्ये हे गृहीत टिकत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्याचे हे गाव कोळशावर आणि चुनखडीवर वाढले. खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या यांच्या आधाराने इथे मराठीबरोबर हिंदी आणि तेलुगू बोलणारी घरेही वसली. 1973 मध्ये देशातल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पुरे झाले आणि 1975 मध्ये नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वेकोलि, स्थापन झाली. त्या काळात वर्धा खोऱ्यातल्या खाण कामगारांना कुणी नवे काम शिकवले नव्हते. तेच हात, तेच फावडे, तोच खालचा अंधार. बदलला तो मालक, आणि त्याच्याबरोबर रजिस्टर. तेवढ्यावर एका पिढीची घरे पक्की झाली आणि मुले वणीला, नागपूरला शिकायला गेली.

पुढे काय झाले ते आकडे सांगतात. 1975 मध्ये वेकोलिची पालक कंपनी असलेल्या कोल इंडियाचे उत्पादन सुमारे 7.9 कोटी टन होते आणि कामगार सहा लाखांहून अधिक. 2023-24 मध्ये उत्पादन 77 कोटी टनांच्या पुढे गेले. कायम कामगार मात्र सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. कोळसा जवळजवळ दहापट झाला आणि कायम माणसे निम्म्याहूनही कमी झाली. याचे एक कारण यंत्रे. भूमिगत खाणीतून खुल्या खाणीकडे वळले की माणसे कमी लागणारच, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. दुसरे कारण मात्र निवडीचे आहे. कोळशावरची माती, जिला इथे सगळे ‘ओबी’ म्हणतात, ती काढण्याचे मोठे काम आता ठेक्यावर दिले जाते. काम संपलेले नाही, त्याचे रजिस्टर बदलले आहे. 1970 मध्ये संसदेने कंत्राटी कामगारांसाठी कायदा केला तेव्हा त्याच्या नावात ‘नियमन’ आणि ‘निर्मूलन’ असे दोन शब्द होते. दुसरा शब्द कागदावरच राहिला.

कोल इंडियाने 2013 पासून खाणीतल्या ठेका कामगारांसाठी सरकारी किमान वेतनापेक्षा वरचा दर ठरवला आहे, हे नोंदवायलाच हवे. तो दर पूर्णपणे कामगाराच्या हातात पडत नाही, ही कामगार संघटनांची तक्रारही तितकीच जुनी आहे.

अशा गावातल्या मुलासाठी राज्याकडे काय आहे? आयटीआय आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये एकाच दिवशी सुरू झालेली 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे आहेत. जुलै 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे: बारावीला महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. मुदत आधी सहा महिने होती, नंतर अकरा झाली. मुदत संपत आली तेव्हा हेच प्रशिक्षणार्थी ‘आम्हाला कायम करा’ म्हणत रस्त्यावर उतरले. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अकरा महिने एखाद्या कार्यालयात काम केलेल्या मुलाने बाराव्या महिन्याचे विचारले, तर उत्तर देण्याची जबाबदारी योजना आखणाऱ्याची आहे.

कौशल्याला किंमत नाही असे मी म्हणत नाही. खाणीतच त्याचे उत्तम उदाहरण आहे. मायनिंग सरदार किंवा ओव्हरमन व्हायचे तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यावी लागते, त्याआधी अनुभव लागतो, गॅस तपासणीचे आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते. आणि ही माणसे असल्याशिवाय खाण चालवता येत नाही, असा कायदा आहे. म्हणून त्यांच्या कौशल्याला किंमत आहे. प्रमाणपत्रामागे कायद्याने राखलेली जागा असते, तेव्हाच ते घरात चूल पेटवते. नाहीतर ते फाइलीत पडून राहते. 2019 मध्ये स्त्रियांना भूमिगत खाणीतल्या तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांची दारे उघडली. वणी तालुक्यातल्या किती मुलींना या परीक्षेची वाट कुणी दाखवली, हे विचारायला हवे.

महाराष्ट्राला कामाची हमी देणे नवे नाही. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, ती याच जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना. 1977 मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने व्यवसाय कर भरायचा आणि गावातल्या मजुराला मागेल तेव्हा काम द्यायचे, हा त्यामागचा विचार. ते काम अंगमेहनतीचे होते, मजुरी थोडी होती. पण काम देणे हे सरकारचे कर्तव्य आणि मागणे हा माणसाचा हक्क, हे त्यात लिहिलेले होते. आजच्या कौशल्य योजनांमध्ये मला ती ओळ कुठेच सापडत नाही. प्रशिक्षण दिले की सरकार मोकळे होते आणि बेकारी त्या मुलाच्या एकट्याच्या अंगावर येते.

त्यात कोळसा संपणारी वस्तू. वरोऱ्याची खाण इंग्रजांच्या काळात निघाली आणि 1906 मध्ये बंदही झाली. जर्मनीच्या रूर खोऱ्यात कोळशाला 1958 पासून उतरती कळा लागली, शेवटची दगडी कोळशाची खाण 2018 च्या डिसेंबरात मिटली. मधली साठ वर्षे त्यांनी वाया घालवली नाहीत. खाणी चालू असतानाच, 1965 मध्ये, बोखुम इथे त्या भागातले पहिले विद्यापीठ सुरू केले आणि कामगारांना टप्प्याटप्प्याने दुसरीकडे सामावून घेतले. आपल्याकडे खाण बंद करण्याचा आराखडा आधीच करावा लागतो, त्यासाठी हेक्टरमागे रक्कमही राखून ठेवतात. खड्डा भरण्याचा आणि झाडे लावण्याचा हिशेब तिथे असतो. खड्ड्यावर जगणाऱ्या माणसांचा हिशेब तितक्याच काटेकोरपणे मांडायला काय हरकत आहे?

पैसा नाही असेही नाही. 2015 च्या जानेवारीआधीच्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होते. ती खाणबाधित गावांसाठी आहे आणि तिच्या उच्च प्राधान्याच्या यादीत कौशल्य विकास आहे. प्रतिष्ठानचा कारभार पाहणारे जिल्हाधिकारीच जिल्ह्याचा कौशल्य आराखडा करणाऱ्या समितीचेही अध्यक्ष असतात. म्हणजे पैसा आणि आराखडा एकाच टेबलावर आहेत.

त्या टेबलावर एक रकाना वाढवावा, एवढीच मागणी आहे. किती जणांना शिकवले, हा रकाना आहेच. त्याच्या शेजारी लिहावे: दोन वर्षांनंतर यातले किती जण कुणाच्या रजिस्टरवर आहेत, किती वेतनावर, भविष्य निधी भरला जातो की नाही. ज्या ठेकेदाराला खाणीचे काम मिळते, त्याच्याही कामगारांची हीच यादी जिल्ह्याने मागवावी आणि गावात लावावी. राजूरच्या ग्रामसभेने पुढच्या बैठकीत हा ठराव घ्यावा आणि तो यवतमाळला पाठवावा.