पंगतीनंतरचे अन्नदान



सप्ताहात काल्याचे कीर्तन झाले, पंगती उठल्या, की यजमान समाधानाने म्हणतात, "महाराज, अन्नदान झाले." हे वाक्य मीही अनेक वर्षे आनंदाने ऐकले. आता गळा साथ देत नाही. पिंपळे सौदागरला मुलाकडे पवनेकाठी नामस्मरण चालते. पण एक प्रश्न मनातून जात नाही. भुकेल्याला जेवू घातले, एवढ्याने आपला धर्म पुरा झाला काय?

२०२० च्या टाळेबंदीत हा प्रश्न समोर उभा राहिला. कालपर्यंत कारखान्यात यंत्रावर उभी राहणारी मुले खिचडीच्या रांगेत होती. मी वाढत होतो. एका तरुणाने द्रोण घेतला, पण मान वर केली नाही. ती खालची मान माझ्या ओळखीची होती.

१९७२ साली नगर जिल्ह्यात आमच्या गावच्या विहिरी आटल्या. आईने मला एका ओळखीच्या घरी ज्वारी मागायला धाडले. दारात माझी मान अशीच होती. पुढे दुष्काळी काम निघाले. आम्ही खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली. मजुरी मिळे, सुकडी मिळे. रेशनवर परदेशी तांबडी मिलो येई. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. भाकरी कोरडीच होती, पण घामाची होती. मान वर होती. दुष्काळ सरला, तरी तलाव राहिला आणि त्याच्या खालच्या विहिरींना पाझर फुटला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा १९७७ साली राज्याने कायदा केला. काम मागणे ही याचना राहिली नाही, हक्क झाला.

मग 'काम कर, तरच खा' हाच धर्म म्हणावा काय? नाही, माउली. आमच्या शेजारच्या म्हातारीला हातोडा उचलवत नव्हता. हजेरीपटावर नाव नाही, म्हणून सुकडी नाही. आई आपल्यातली मूठभर तिच्या पदरात टाकी. ती मूठ नसती, तर तो तलाव त्या म्हातारीच्या काय कामाचा?

संतचरित्रात याचे उत्तर आहे. मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी कोठारे उघडली, तेव्हा कोणाला पात्रता विचारली नाही. तुकोबारायांनी स्वतः दुष्काळ सोसला. घरची पत्नी त्यात गेली. पुढे त्यांनी लोकांकडच्या येण्याची आपल्या वाट्याची कागदपत्रे इंद्रायणीत बुडवली. एकाने पोट भरले, दुसऱ्याने गळ्याचा फास काढला. दोन्ही दानेच, पण दुसऱ्या दानानंतर घेणारा देणाऱ्याच्या दारी परत येत नाही.

आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला साहेल नावाचा कोरडा पट्टा आहे. आपल्या दुष्काळाच्याच सुमारास तिथेही मोठा दुष्काळ होता. तिथल्या नायजर देशात जागतिक अन्न कार्यक्रम कुटुंबांना धान्य किंवा पैसे देतो आणि गावकरी पडीक जमिनीत अर्धचंद्राच्या आकाराचे खड्डे खणतात. पाऊस वाहून न जाता तिथे मुरतो. गवत येते, बाजरी येते. शेजारच्या बुर्किना फासोत याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने खड्ड्यांत शेणखत घालून उजाड माळावर रान उभे केले. आणि एक गंमत पाहा. आपल्या ताटातली बाजरी मुळात त्याच साहेलची. हजारो वर्षांपूर्वी तिकडून आली. ज्यांच्या धान्यावर आपण वाढलो, त्यांना परके कसे म्हणावे?

म्हणून मला वाटते, भूक लागली असताना काही विचारू नये, आधी वाढावे. पण पंगत उठल्यावर 'उद्याचे काय?' हे विचारल्याशिवाय हात धुऊ नयेत. म्हातारीला मूठ आणि धडधाकटाला काम, दोन्ही लागते. सप्ताहाच्या वर्गणीतला थोडा वाटा एखाद्या गावच्या विहिरीचा गाळ काढायला गेला, तर तोही महाप्रसादच.

त्या तरुणाला मी खिचडी वाढली. उद्याचे विचारले नाही. पुढचा माणूस आला आणि माझी पळी पुढे गेली. आज पंगत दिसली, की ती राहिलेली गोष्ट आठवते. तुमच्याकडून ती राहू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.