मिठाची कणीक, साखरेची कणीक

‘माइंड्स ऑफ अवर ओन’ हा 1997 सालचा अमेरिकी माहितीपट शिक्षकांनी एकदा तरी पाहावा. पदवीदानाच्या झग्यातच असलेल्या तरुणांच्या हातात एक सेल, एक बल्ब आणि वायरचा एक तुकडा दिला जातो. दिवा लावून दाखवा, एवढीच मागणी. हार्वर्ड आणि एमआयटीमध्ये शिकलेल्या त्या मुलांपैकी अनेकांना ते जमत नाही.

त्यांच्या बुद्धीला दोष देऊन काही हाती लागणार नाही. घरातल्या टेबललॅम्पला वरून एकच वायर दिसते. आत दोन तारा आहेत हे मुलाला कुणी उघडून दाखवत नाही. त्यामुळे नळातून पाणी यावं तशी वीज बोर्डातून येते आणि दिव्यात संपते, अशी त्याची पक्की समजूत होते. पुढे पुस्तकात परिपथाची आकृती येते. ती सुबक असते आणि पूर्ण असते. मूल ती पाठ करतं, परीक्षेत काढतं, पण मूळची समजूत जागची हलत नाही.

ती हलवायला मला कणकेइतकं सोपं साधन दुसरं दिसत नाही. मिनेसोटातल्या सेंट थॉमस विद्यापीठात अ‍ॅनमेरी थॉमस आणि त्यांचा विद्यार्थी सॅम्युएल जॉन्सन यांनी 2010च्या सुमारास वायरीऐवजी कणकेतून वीज खेळवायची ही कल्पना मांडली. दीड कप मैदा, एक कप पाणी, पाव कप मीठ, भरपूर लिंबाचा रस आणि चमचाभर तेल मंद आचेवर ढवळत राहायचं. गोळा जमला की उतरवून, निवला की मळायचा. दुसरी कणीक न शिजवता करायची: मैदा, साखर, तेल आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. साखर विरघळते, पण तिचे असे भारित कण होत नाहीत. एका गोळ्यातून वीज जाते, दुसरा तिला अडवतो.

आता मिठाच्या कणकेचे दोन गोळे घ्यायचे. चार पेन्सिल सेलच्या डबीची एक वायर एका गोळ्यात, दुसरी दुसऱ्यात, आणि एलईडीचे दोन पाय दोन्हीकडे एकेक. लांब पाय धन टोकाच्या बाजूला. दिवा लागतो. मुलं खूश होतात, पण शिकणं अजून सुरू व्हायचं असतं. हात स्वस्थ बसत नाहीत, कुणीतरी दोन गोळे एकमेकांना चिकटवतं आणि दिवा विझतो. विजेला दिव्याला टाळून जाणारी सोपी वाट मिळाली. पुस्तकातला ‘शॉर्ट सर्किट’ हा भीतीचा शब्द इथे बोटांनी घडवता येतो आणि बोटांनीच मोडता येतो. मध्ये साखरेच्या कणकेची भिंत घातली की दिवा पुन्हा लागतो. वायर दिव्यापासून लांब खोचली तर तो मंदावतो. रोध हा शब्द अजून कुणी उच्चारलेलाही नसतो!

कणकेचा हा रोधच एलईडीला वाचवतो. म्हणून एलईडी बॅटरीला थेट जोडायचा नाही, लगेच जळतो. वायरी गोळ्यात बराच वेळ राहिल्या तर टोकांशी बुडबुडे दिसतात, धातू गंजतो. विजेतून रसायनशास्त्राकडे जायची वाट तिथेच उघडते.

अन्नाशी खेळू नये, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. मला तो संस्कार मोलाचा वाटतो. त्यासाठी पोरकिडा लागलेला, टाकून द्यायचाच मैदा घ्यावा. दीड कपात मुलांचा एक गट सहज खेळतो आणि मिठाचा गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे टिकतो. टाकाऊतून विज्ञान ही पुण्याला नवी गोष्ट नाही. अरविंद गुप्तांनी तिथल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हेच काम वर्षानुवर्षं केलं. म्हणून महागडे तयार संच घेण्यापेक्षा मुलांनीच कणीक मळावी, या मताचा मी आहे. मीठ स्वतःच्या हाताने घातलं, तरच मिठाबद्दल प्रश्न पडतो.

शिक्षकांना आणि पालकांना विनंती दोनच गोष्टींची. भिंतीवरच्या प्लगजवळ हा खेळ कधीही नेऊ नका. आणि दिवा विझला की कारण सांगायची घाई करू नका. मघाशी काय वेगळं होतं, एवढं विचारा आणि मुलांना शोधू द्या.