उतारा आणि राखण

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या बुधवारी सीओपीडी दिन असतो, म्हणजे कायमची धाप लावणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा दिवस. गेल्या खेपेला त्या निमित्ताने मंचरच्या बाजूला झालेल्या एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते छातीचे डॉक्टर, अभ्यासू आणि तळमळीचे. फुप्फुसाची चित्रं दाखवून झाली, विडी-सिगारेटवर बोलून झालं आणि शेवटी ते वाक्य आलंच : ‘आपल्या ग्रामीण रुग्णाला पंपाची (इनहेलरची) भीती वाटते. प्रबोधन झालं की निम्मं काम झालं.’ सभागृहाने टाळ्या वाजवल्या. हे वाक्य मी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वाचलं आहे, जाहिरातींत ऐकलं आहे, शिबिरांच्या फलकांवर पाहिलं आहे. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते अर्धं आहे, आणि त्या अर्ध्याने उरलेलं सगळं झाकून टाकलं आहे.

दोन मतं आधीच बाजूला ठेवतो. हा विडी ओढणाऱ्यांनी आपल्या हाताने ओढवून घेतलेला आजार, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्याच्याच डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेला लेख पाहावा : सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, असा त्यांचा अंदाज आहे. आणि ‘आपला हिरडा-बेहडा आहे की’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्यात अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला असतो आणि त्याच घरांच्या ओट्यावर धाप लागलेली माणसं बसलेली असतात.

माझी आत्या डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहते. विडी तिने कधी ओढली नाही. चाळीसेक वर्षं तीन दगडांची चूल, सरपण ओलं असलं की फुंकणी, आणि दर उन्हाळ्यात राब. ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा आधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत, आणि वरून मातीचा हलका थर. मातीमुळे ते भडकत नाही, धुमसतं. धूर जमिनीलगत सरकत राहतो, आणि आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून माणूस हातात डहाळी घेऊन त्या धुरातच उभा असतो. उज्ज्वलेची टाकी आत्याच्या घरात आहे. ती चहापुरती पेटते. देशाचा हिशेबही याहून वेगळा नाही. १९९० साली आपल्याकडे सीओपीडीचे २.८१ कोटी रुग्ण होते, २०१६ साली ५.५३ कोटी झाले. आणि या आजाराच्या एकूण ओझ्यात हवेच्या प्रदूषणाचा वाटा, त्यात घरातला धूरही आला, ५३.७ टक्के, तर तंबाखूचा २५.४ टक्के.

डॉक्टरांनी पंप लिहून दिला तेव्हा आत्या म्हणाली, ‘नको बाबा, सवय लागंल.’ हेच वाक्य व्याख्यानांत गैरसमजाचा नमुना म्हणून सांगतात. मीही तिला समजावत बसलो, की यात नशा नाही, औषध थेट छातीत जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ‘आन् सवय लागल्यावर दर महिन्याला आणायचा कुठनं?’

मला उत्तर देता आलं नाही. ज्या शब्दाला आपण अंधश्रद्धेच्या खात्यात टाकत होतो, तो तिच्या तोंडी घरखर्चाचा शब्द होता. सवय म्हणजे दर महिन्याला न चुकता दारात उभं राहणारं देणं. तिला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. रोज घ्यायचा, कायमचा पंप चारशे-पाचशेच्या आसपास जातो. त्यात घोडेगावला जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस. रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये, तीही काम निघालं तर. हिरड्याचे पैसे वैशाखात, भाताचे दिवाळीनंतर. औषधाचा महिना मात्र तीस दिवसांनी भरतोच.

‘पण दुखणं नसताना औषध घ्यायचं, ही कल्पनाच गावाकडे रुजलेली नाही,’ असं त्या वक्त्यांनी पुढे म्हटलं होतं. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण ते ज्या रस्त्याने आले त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचं खंडन उभं होतं. नारायणगावच्या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचा बागायतदार काय करतो? आभाळ भरून आलं, पानावर दव राहू लागलं, की डावणी रोगाचा एक ठिपकाही दिसण्याआधी तो फवारणीला बाहेर पडतो, प्रसंगी रात्री, डोक्याला बॅटरी बांधून. ठिपका दिसेपर्यंत थांबलेल्याची बाग जाते, हे त्याच्या पोरालाही ठाऊक असतं. दुखण्याआधी औषध ही कल्पना या तालुक्यांना शहरातून शिकायची गरज नाही. फरक एवढाच, की फवारणीचं औषध कृषी सेवा केंद्रात उधारीवर मिळतं, माल गेल्यावर हिशेब होतो. पिकासाठी सोसायटीचं कर्ज निघतं. फुप्फुसाच्या फवाऱ्याला मेडिकलवाला महिना दोन महिने थांबेल, हंगामभर थांबणार नाही.

कुणी म्हणेल, बागायतदार वेगळा आणि डोंगरातली म्हातारी वेगळी. बरं. मग त्याच म्हातारीच्या शेजारणी ब्लडप्रेशरची गोळी रोज कशी घेतात? ब्लडप्रेशर तर दुखतही नाही. आरोग्य केंद्रातून गोळी फुकट आणि वेळच्या वेळी मिळते तोवर त्या घेतात, साठा संपला की थांबतात, पुन्हा आली की पुन्हा सुरू. यात अज्ञान कुठे आहे ते मला कुणी दाखवावं.

प्रबोधनाला माझा विरोध नाही. टोपण न काढता पंप दाबणारी माणसं मी पाहिली आहेत, जिभेवर फवारा मारून गिळणारीही पाहिली आहेत, आणि त्यांतली काही पुण्यात पेन्शन घेणारी होती. तंत्र शिकवायलाच हवं. पण आत्या काय करते ते पाहा. तिला आता पावडरीच्या कॅप्सूल दिल्या आहेत, सकाळ-संध्याकाळ एक. ती कॅप्सूल मशीनमध्ये बसवते, पिळते, हलकेच एक झुरका घेते आणि मशीन तसंच चहाच्या डब्यात ठेवून देते. उरलेली पावडर संध्याकाळसाठी. पावसाळ्यात ती पावडर दमट होऊन मशीनच्या आतल्या भिंतीला चिकटते. तिला तंत्र समजलेलं नाही असं कुणी म्हणेल. तिने साठ कॅप्सूल किती दिवस पुरवायच्या ते ठरवून तंत्र बदललं आहे.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. आमच्याकडे दोन शब्द आहेत, उतारा आणि राखण. ताप चढला, विंचू चावला, की उतारा. पीक उभं आहे तोवर राखण. डुक्कर आलं नाही त्या रात्रीही माळ्यावर बसावं लागतं. या आजाराच्या औषधांतही हेच दोन प्रकार आहेत, आणि सगळी चर्चा ‘पंप’ या एकाच शब्दात त्यांचा काला करते. साल्ब्युटामॉलचा फवारा काही मिनिटांत श्वासनळी मोकळी करतो, चार-सहा तास टिकतो : हा उतारा. टायोट्रोपियम दिवसातून एकदा घ्यायचं, चोवीस तास नळी उघडी राहते : ही राखण. राखणीने गेलेलं फुप्फुस परत येत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, चार वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासात टायोट्रोपियमने फुप्फुसाची घसरण थांबली नव्हती. पण दम उसळण्याचे प्रसंग कमी झाले होते, आणि दवाखान्यात नेण्यासाठी रात्री जीप शोधावी लागते ती याच प्रसंगांत.

आपली सगळी व्यवस्था उताऱ्यावर उभी आहे. वाफ, इंजेक्शन, सलाईन. साल्ब्युटामॉलची चार मिलिग्रॅमची गोळी, जी फवाऱ्यातल्या शंभर मायक्रोग्रॅमच्या चाळीसपट औषध पोटात घालते, हात थरथरवते, छाती धडधडवते. ती स्वस्त, म्हणून तीच हाती पडते. महात्मा फुले योजनेत पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते भरती झाल्यावर. भरती होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाला त्यात जागा नाही. किंमत नियंत्रणाचा उपाय सांगणाऱ्यांना सांगतो, की टायोट्रोपियम २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दर उतरला, त्याचं स्वागत. महिना तसाच राहिला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, पण मोफत म्हणजे कपाटात असेल ते. आत्याबरोबर गेलो त्या कपाटात वाफेचं औषध होतं, गोळ्या होत्या. राखणीसाठी ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी होती.

सरकारला राखण जमत नाही असंही नाही. १९९७ पासून क्षयाच्या गोळ्या गावोगाव पोचवून, समोर बसवून दिल्या गेल्या. एचआयव्हीची औषधं २००४ पासून मोफत आहेत आणि ती जन्मभर द्यायची आहेत, हे ठाऊक असून सुरू केली गेली. हे दोन्ही आजार एकाचे दुसऱ्याला होतात. धाप तिच्या मालकापाशीच राहते. क्षयाचा रुग्ण सहा महिन्यांनी बरा झाला म्हणून कार्ड बंद होतं, फुप्फुसावरचे व्रण मागे राहतात, आणि पुढे धाप लागू लागली की तोच माणूस दुसऱ्या रांगेत, स्वतःच्या पैशाने उभा असतो.

आशाताईंच्या फॉर्ममध्ये स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हा प्रश्न आहे. आत्याने ‘लाकूड’ सांगितलं, ताईंनी लिहून घेतलं. त्या रकान्यापुढे तीन महिन्यांच्या राखणीच्या औषधाची पिशवी हवी, आणि ती वर्षातून निदान दोनदा वेळेवर पोचायला हवी : थंडीच्या आधी एकदा आणि राब भाजायच्या आधी एकदा. आत्याच्या डब्यात मी मागच्या आठवड्यात मोजल्या, एकवीस कॅप्सूल आहेत. सध्या ती दिवसाआड एक घेते. राबासाठी दहा वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, औषधाच्याच कागदात गुंडाळून.